एम.टेक.च्या फॉर्मवर सही कुणाची?

मी मॅट्रिक. तेही दुसऱ्या खेपेला, गणितात काठावर. इंदिरा गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत स्लिंग लावतो, हुक सोडवतो, आणि उरल्या वेळात कविता करतो. असल्या माणसानं एम.टेक.वर काय लिहावं, असं तुमच्यातल्या शिकलेल्यांना वाटणार. वाटू द्या. ज्या डिग्रीचं नावच मुळी कामावर आधारलेली डिग्री, तिच्यावर काम करणाऱ्यानं नाही बोलायचं तर काय सेनेट हॉलच्या पंख्यानं बोलायचं?

बोलायचं कारण घरातलं आहे. माझा मावसभाऊ, मी त्याला दादाच म्हणतो. अँटॉप हिलला एका गल्लीत वाढलो आम्ही. त्याचा बाप गोदीत, माझा बाप गोदीत. दादानं पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई. मेकॅनिकल. राखीव जागेवर. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातले काहीजण नोकरी लागली की हे वाक्य गिळतात. २०१९ साली तो क्रेनची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत लागला. साईटवर. ग्रीस, वायर, ऊन, खारा वारा. एसीत बसून डिझाईन करणारे वेगळे आणि साईटवर वाळणारे वेगळे. वर जायचं तर मास्टर्स पाहिजे, असं त्याला पहिल्याच वर्षी सांगण्यात आलं.

आता मास्टर्स करायचं कसं? गेट देऊन आय.आय.टी.त पूर्णवेळ जायचं तर नोकरी सोडा. तिथं राखीव जागा आहेत, हे खरं. २०२१ साली स्टायपेंड होता महिना १२,४०० रुपये, हेही खरं. पण मावशीची औषधं, बहिणीचं नर्सिंग, खोलीचं भाडं - हे १२,४०० मध्ये कुठल्या गणितानं बसवायचं ते गेटच्या पेपरात येत नाही.

म्हणून नोकरी करता करता एम.टेक. पिलानीच्या बिट्सनं १९७९ पासून हा प्रकार चालवलाय, आता इतरही विद्यापीठं चालवतात. चार सेमिस्टर. वर्ग शनिवार-रविवारी, आता ऑनलाइन. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट, आणि तो आपल्याच कामाच्या जागेवरचा. नोकरी सोडायची नाही, पगार बुडवायचा नाही. जिथं घाम गाळता तीच तुमची लॅबोरेटरी.

कल्पना झकास आहे. मी टिंगल करत नाही. उलट ही कल्पना आपलीच आहे असं माझं म्हणणं. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. का? तर पोरानं दिवसा नोकरी करावी, घरी पैसे द्यावेत, आणि तरी बी.ए. व्हावं. आज ज्याला इंग्रजीत लांबलचक नावं देऊन माहितीपत्रकं छापतात ते आपल्या आधीच्या पिढीनं डोळ्यांवरची झोप पुसत करून दाखवलंय. फरक एवढाच, की सिद्धार्थच्या फॉर्मवर मालकाची सही लागत नव्हती.

इथं लागते. दादानं २०२१ साली फॉर्म आणला तेव्हा त्यात दोन कागद होते. एक मालकाच्या संमतीचा. दुसरा मेंटॉरचा, म्हणजे कंपनीतलाच कुणी वरिष्ठ शिकलेला माणूस, जो लिहून देणार की मी याच्या अभ्यासावर लक्ष ठेवीन. मार्कशीट होती, बी.ई. होती, दोन वर्षांचा अनुभव होता. हे सगळं दादाच्या हातातलं. ते दोन कागद दुसऱ्याच्या हातातले.

आणि तो दुसरा कोण, हेच ठरेना. कारण दादा काम करायचा एका कंपनीच्या साईटवर, पगार व्हायचा दुसऱ्या कंपनीतून. थर्ड पार्टी पे-रोल म्हणतात याला. तुमच्यातल्या निम्म्यांना सांगायला नको. साईटवाले म्हणाले, तू आमचा नाहीस, पगार देतात त्यांच्याकडे जा. पगारवाले म्हणाले, आम्ही फक्त पगार करतो, काम कोण घेतं त्यांना विचार. चार महिने हा टेबलटेनिस. दादा त्यातला चेंडू. आठ तास क्रेनवर चढताना तो दोघांचा होता. सही मागितली की कुणाचाच नाही.

आम्ही गोदीवाले हे जुनं ओळखतो. माझा आजा डॉक लेबर बोर्डाचा. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराला नोंदणी मिळाली, नंबर मिळाला, आज याचं जहाज उद्या त्याचं जहाज असलं तरी माणूस बोर्डाचा असायचा. १९९४ साली मुंबईचा बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाला. माझ्या वाट्याला कंत्राटदार आला, टेंडरगणिक बदलणारा. उद्या मलाच कुणी म्हणालं, कामाचा दाखला आण, तर मी कुणाच्या दारात उभा राहू? बी.ई. झालेला दादा माझ्याच रांगेत येऊन उभा राहिला, एवढंच.

२०२२ साली तो साईटच्या मॅनेजरला थेट भेटला. मॅनेजरनं फॉर्म वाचला. म्हणाला, "तुला कशाला रे एम.टेक.? तुम्हाला तर तसंही मिळतं सगळं."

बस्स. फॉर्म ड्रॉवरमध्ये. नकार लिहून दिला नाही, लेखी नकार दिला तर तो दाखवता येतो ना. शिवी नाही, हाकलणं नाही. ड्रॉवर. मुदत संपली तसा फॉर्म मेला. त्याच हंगामात त्याच मॅनेजरनं दुसऱ्या दोघांच्या फॉर्मवर सह्या केल्या. त्यांची आडनावं मी लिहीत नाही. तुम्ही ओळखा.

लक्षात घ्या, इथं 'तसंही मिळतं' हे किती खोटं आहे ते. खासगी अभिमत विद्यापीठांना केंद्राचा राखीव जागांचा २००६ चा कायदा लागू नाही. तो केंद्राच्या संस्थांपुरता. २००५ साली घटनादुरुस्ती करून खासगी संस्थांतही राखीव जागा ठेवायचा अधिकार सरकारनं घेतला, पण या विद्यापीठांसाठी संसदेनं तो वापरलेला नाही. फी लाखांत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, तिच्यावर आपल्या तीन पिढ्या उभ्या आहेत, पण तिची उत्पन्नाची रेघ अडीच लाखांवर. महिना २१ हजार मिळवणारा माणूस त्या रेघेच्या वर गेला. म्हणजे नोकरी आहे म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि नोकरीशिवाय हा अभ्यासक्रम नाही. या डिग्रीत आपल्याला 'तसंही' मिळणारी एकच गोष्ट आहे, मॅनेजरचा ड्रॉवर.

काहीजण म्हणतील, कंपनीनंच पैसे भरले तर? काही कंपन्या भरतात. आणि बाँड लिहून घेतात, इतकी वर्षं सोडून जायचं नाही. मालकाच्या पैशानं मास्टर्स करणं आपल्याला नवीन नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या पैशावर, परत येऊन दहा वर्षं चाकरी करायच्या करारावर. १९१७ साली ते बडोद्याला हजर झाले. कचेरीत शिपाई फायली लांबून फेकायचे. राहायला जागा मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं. सयाजीराव चांगले होते. कचेरी चांगली नव्हती. आणि रोज गाठ पडते ती कचेरीशी. पुढे लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा आधी सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा गाठीला बांधला होता. ज्याला ज्याला कंपनीचा बाँड पुढे येईल त्यानं सही करण्याआधी बडोदा आठवावं. सही करू नका असं मी म्हणत नाही. आठवा.

२०२३ साली दादाला सही मिळाली. कशी? तर दुसऱ्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या केरळी इंजिनिअरनं मेंटॉरचा कागद भरला आणि पगारवाल्यांच्या ऑफिसात स्वतः जाऊन दुसऱ्या कागदावर सही घेऊन आला. भला माणूस. पण भल्या माणसावर शिक्षण टांगून ठेवायचं? तो त्या वर्षी रिटायर झाला असता तर?

पुढची दोन वर्षं मी जवळून बघितली. दहा बाय बाराची खोली. शनिवारी-रविवारी वर्ग, आणि रविवारीच ब्रेकडाऊनचा फोन. एकदा तो क्रेनच्या शिडीवर मोबाईल लटकवून लेक्चर ऐकत होता, आवाज बंद करायचा विसरला, तर आमच्या टोळीचा सगळा शिव्याजप मास्तरांच्या वर्गात गेला. मास्तर म्हणाले, बॅकग्राउंड नॉईज. आम्हीच ते, बॅकग्राउंड नॉईज.

एप्रिलात परीक्षा आणि एप्रिलातच जयंती. गल्लीच्या तोंडाला चौदा स्पीकरची भिंत. दादा खाली आला, पोरांना हात जोडले, दोन तास बंद करा रे. एक पोरगा म्हणाला, "साहेब झाला काय रे तू? बाबांचं गाणं नको झालं?" त्या पोराचं नाव मला ठाऊक आहे, तोही बारावीला बसला होता. मी मध्ये पडलो, हमरीतुमरी झाली, शेवटी आवाज उतरला. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या स्पीकरच्या वर्गणीत माझेही पाचशे रुपये होते. अभ्यासिकेच्या वर्गणीसाठी आजवर माझ्याकडे कुणी आलेलं नाही, आणि मीही कुणाकडे गेलेलो नाही.

आणि वहिनी. ती हॉस्पिटलात नर्स, तिच्याही रातपाळ्या. दादाचा वर्ग असला की ती पोराला घेऊन खाली समाजमंदिराच्या ओट्यावर बसायची. रातपाळी करून आलेली बाई, झोपायची वेळ, आणि ओट्यावर. दोन वर्षं. कामावर आधारलेली डिग्री म्हणतात ती अशी कितीजणांच्या कामावर आधारलेली असते ते ट्रान्स्क्रिप्टवर छापत नाहीत.

आता प्रोजेक्टचं सांगतो, कारण तिथं मी स्वतः गुंतलो.

शेवटच्या सेमिस्टरला दादानं विषय घेतला वायर-रोप आणि स्लिंग कधी बाद करायची. उचलण्याच्या कामात माणसं मरतात ती बरीचशी इथंच. तो गोदीत आला, चहाच्या टपरीच्या बाकड्यावर खडूनं त्रिकोण काढला. दहा टनाचा माल दोन पायांच्या स्लिंगवर. दोन्ही पाय उभे सरळ, तर प्रत्येकावर पाच टन. पाय जमिनीशी साठ अंशात कलले, तर प्रत्येकावर पावणेसहा टनांच्या वर. पंचेचाळीस अंशात, सात टनांच्या वर. आणि तीस अंशात? प्रत्येक पायावर पुरे दहा टन. माल तोच. वजन तेच. फक्त पाय पसरले.

मी बघतच राहिलो. कारण आमचा म्हातारा मुकादम, ज्याला सही येत नाही, तो तीस वर्षं ओरडतोय, "वायरचे पाय फाकवू नका रे, मराल!" मला वाटायचं म्हातारा उगाच कावतो. त्याच्या ओरडण्यात साइन तीस होता, च्यायला. गणितात काठावर पास झालेल्या मला आयुष्यात पहिल्यांदा ट्रिग्नॉमेट्री कळली ती त्या बाकड्यावर. दहावीच्या मास्तरानं हाच त्रिकोण काढला होता, पण त्याच्या टोकाला माल लटकत नव्हता.

मग दादानं विचारलं, वायरची तार तुटलीय हे तुम्हाला कळतं कसं? मुकादमानं खिशातली चिंधी काढली, वायरवरनं ओढत नेली. तार तुटली असेल तिथं चिंधी अडकते. उघड्या हातानं तपासाल तर हात फाटतो, म्हणून चिंधी. दादानं ते लिहून घेतलं. आठ आठवडे आम्ही त्याला मोजून दिलं, कुठल्या वायरला कुठं चिंधी अडकली, किती तारा, किती फेऱ्या उचलल्यावर. मी माझ्या कवितेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायचो. एका बाजूला कविता, एका बाजूला तुटलेल्या तारा.

प्रोजेक्ट बांधून झाला. दादानं आभाराच्या पानावर मुकादमाचं नाव घातलं, टोळीची नावं घातली, वहिनीचं नाव घातलं. तोवर म्हातारा केरळी रिटायर झाला होता, मेंटॉर नवा होता. त्यानं पान वाचलं आणि पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. म्हणाला, "ही काय लग्नपत्रिका आहे? साईट स्टाफ असं लिही."

इथं माझं आणि दादाचं भांडण झालं. मी म्हणालो, नाव परत घाल. तो म्हणाला, शेवटची सही त्याची आहे, दोन वर्षं पाण्यात घालू का? मी म्हणालो, मग तू आणि ते काय वेगळे? हे बोलायला नको होतं. तो काही बोलला नाही. आठ दिवस आला नाही. २०२५ साली पास झाला. मुकादमाला पेढा द्यायला गोदीच्या गेटवर आला, म्हाताऱ्यानं पेढा खाल्ला, विचारलं, "आमचा वायरचा हिशेब लागला का रे बरोबर?" दादा म्हणाला, "लागला, मामा." आभाराचं पान काय झालं ते म्हाताऱ्याला ठाऊक नाही. हे वाचून दाखवणारा भेटला तर कळेल.

आता मुद्द्याचं. विद्यापीठवाल्यांची बाजूही ऐका, ती अगदीच फोल नाही. इंजिनिअरिंग पोस्टानं शिकवता येत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी नसताना पत्रद्वारा बी.टेक. वाटली होती. खटला उभा राहिला तो ओरिसाच्या लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनमध्ये, नोकरी करत शिकलेल्या डिप्लोमावाल्यांच्या बढतीवरून. कोर्टानं २००१ ते २००५ च्या तुकड्यांची डिग्री स्थगित केली, म्हटलं परीक्षा देऊन पास व्हा, आणि नंतरच्यांची रद्दच केली. दुकानं विद्यापीठांची, फी घेतली विद्यापीठांनी, आणि रद्द झाली ती कामगाराची डिग्री. तरी मूळ म्हणणं खरं, की हात न लावता इंजिनिअर होत नाही. म्हणून कामाच्या जागी कुणीतरी बघणारा हवा. मान्य.

पण बघणारा तोच का, ज्याच्या हातात तुमची बढती, रजा, ओव्हरटाइम आणि पुढचं कंत्राट आहे? नोकरी करतो याचा पुरावा हवा ना? पगाराची स्लिप घ्या, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा घ्या. त्यावर सरकारचा शिक्का आहे, मॅनेजरच्या मूडचा नाही. मेंटॉर विद्यापीठानं नेमावा, आपल्या यादीतून, बाहेरचा. कंपनीचा माणूस असलाच तर त्यानं नाही म्हणताना कारण लिहून द्यावं, तीस दिवसांत, सहीनिशी. ड्रॉवर बंद. आणि नोकरदारासाठी शिष्यवृत्तीची रेघ वेगळी काढा, निदान फीपुरती.

खालची शिडीही बघा. एकेकाळी एएमआयई होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, सेक्शन ए, सेक्शन बी. डिप्लोमावाले, फिटर, ड्राफ्ट्समन रात्री जागून ती द्यायचे आणि बी.ई.च्या बरोबरीला यायचे. कुणाची परवानगी नको, कॉलेजची फी नको. ३१ मे २०१३ पर्यंत नाव घातलेल्यांनाच ती बरोबरी राहिली. त्यानंतरच्यांना नाही. २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेला डिप्लोमा-डिग्रीचे वर्ग भरवायची परवानगी कॉलेजांना दिलीय, चांगलं झालं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देता येईल असं लिहिलंय. लिहिलंय ना? मग आमच्या मुकादमाच्या तीस वर्षांचं क्रेडिट किती होतं, सांगा एकदा हिशेब करून. चिंधीसकट.

दादा आता डिझाईनला गेलाय. आमचं बोलणं सुरू झालं. परवा त्यानं एक पोरगी पाठवली माझ्याकडे, त्याच कंपनीत साईटवर लागलेली, आपल्याच वस्तीतली. तिचा फॉर्म त्याच ड्रॉवरमध्ये आहे. दादा तिचा मेंटॉर व्हायला तयार आहे. दुसरा कागद अडलाय.

म्हणून हे लिहिलं. ज्यांचे फॉर्म असे अडलेत त्यांनी फॉर्मची तारीख, कुणाकडे दिला तो हुद्दा, आणि तोंडी काय उत्तर मिळालं ते, एका कागदावर लिहून या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आपलं नाव नको असेल तर घालू नका. शंभर कागद जमले की समाजकल्याणच्या आयुक्तांकडे गठ्ठा घेऊन जाऊ. मी रविवारी दुपारी दोननंतर समाजमंदिराच्या ओट्यावर असतो, रातपाळी नसली तर. ज्यांना मराठीत लिहायला जड जातं त्यांनी तोंडी सांगावं, मी लिहून घेईन. वहीची मागची पानं अजून शिल्लक आहेत.